बांधीतले गवत

मराठी भाषेने गवताला कधी फारसा मान दिलेला नाही. एखाद्याची किंमत करायची नसली की आपण त्याला तृणवत् लेखतो. हरलेला माणूस दाती तृण धरून शरण येतो. शेतात गवत माजले की त्या शेतकऱ्याच्या आळसाची चर्चा चावडीपर्यंत जाते. एका दूर्वेला तेवढी गणपतीच्या मस्तकावर जागा मिळाली; पण त्या अफाट गोतावळ्यात भाग्यवान अशी ती एकटीच. वास्तविक आपल्या ताटातला भात, पोळी आणि भाकरी, एवढेच काय, सकाळच्या चहातली साखर, ही सारी गवताच्याच कुळातली. पण घरात जो रोज राबतो त्याची विचारपूस कोणी करीत नाही, तसेच हे.

आता दिवाळीची सुटी लागेल. नागपूरची, पुण्याची, मुंबईची मंडळी मुलाबाळांसह चंद्रपूरची वाट धरतील. ताडोबाच्या फाटकाशी पहाटे पाचला कानटोप्या घालून कुडकुडत उभी राहतील. ह्या गर्दीत गवत पाहायला आलेला एकही मनुष्य सापडणार नाही. वाघ दिसला तर सहल सार्थकी लागली, नाही तर पैसे पाण्यात! माझे म्हणणे एवढेच, की वाघ हासुद्धा गवताचाच झालेला असतो. वाघ चितळ खातो आणि चितळ गवत खाते. एका वाघाला आठवड्याला साधारण एक मोठे जनावर, म्हणजे वर्षाला पन्नासेक चितळे लागतात. तेवढी चितळे दर वर्षी मारली जाऊनही कळप कायम राहायचा, तर रानात त्याच्या कितीतरी पट चितळे चरत असली पाहिजेत. हा हिशेब उलटा मांडीत गेले की शेवटी हाती काय राहते? गवताची काडी!

मी जन्माने आणि सवयीने नागपूरकर. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. तेव्हा 'गवताळ प्रदेश' म्हटला की आफ्रिकेचा सव्हाना आणि अमेरिकेतले प्रेअरी मला फळ्यावर झरझर काढता येत. आपल्याच विदर्भातल्या गवताची ओळख मात्र निवृत्तीनंतर झाली, आणि तीही नात्यागोत्यामुळे. माझी भाची मूलला दिली आहे. तिचे यजमान वनखात्यात नोकरीला. गेल्या वर्षी पोळ्याला आम्ही उभयता तिच्याकडे गेलो होतो. भाद्रपद लागला तरी पाऊस उघडीप देईना. घरात बसून सौ. आणि भाची पाककृतींची देवाणघेवाण करीत होत्या. माझा चेहरा पाहून जावई म्हणाले, "मामा, माझ्याबरोबर चला. वाघ नाही दाखवता येणार. पावसाळ्यात गाभा बंद असतो. पण बफरमध्ये आमचं काम चाललंय, ते पाहा."

काम म्हणजे काय, तर पंचवीसतीस बायामाणसे गुडघाभर ओल्या झुडपांत वाकून उभी होती आणि तरोटा उपटत होती.

तरोटा म्हणजे आपला टाकळा. आषाढात त्याच्या कोवळ्या पानांची भाजी विदर्भात आवडीने खातात. त्याचे बीही बाजारात विकले जाते. माणसाला असा उपयोगी पडणारा हा जीव चितळाला मात्र मुळीच रुचत नाही. त्यामुळे होते असे, की चितळे आजूबाजूचे गोड गवत तेवढे खातात आणि तरोट्याला मोकळे रान मिळते. भाद्रपदात त्याला पिवळी फुले येतात, मग शेंगा धरतात, आणि त्या तडकल्या की जमिनीत पुढच्या कित्येक वर्षांची बेगमी होऊन बसते. त्याच्या जोडीला रानतुळस. तिचा वास जनावरांना सहन होत नाही. बांधांवरून घाणेरी उतरते. ती तर मूळची अमेरिकेतली, बागेची शोभा म्हणून इंग्रजांच्या काळात आली आणि पुढे यजमानालाच घराबाहेर काढू लागली. गाजरगवताची कथा आमच्या पिढीला ठाऊक आहेच. १९५६ च्या सुमारास पुण्याकडे ते प्रथम लोकांच्या नजरेत भरले आणि आता सबंध देशात त्याचा संसार आहे. नावात 'गवत' असले तरी ते गवत नव्हे, हे मी तिथेच भाचेजावयांकडून शिकलो.

"पण उपटायचं कशाला? विळ्यानं सपासप कापलं तर दिवसाचं काम तासात होईल," मी म्हणालो. शिक्षकाला शंका विचारायची संधी क्वचितच मिळते!

तेव्हा त्यांनी जे समजावून सांगितले ते असे. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो. वरून कितीही चरले किंवा कापले तरी ते खालून पुन्हा फुटते. उलट अधूनमधून कापल्याने त्याला कोवळी पालवी येते. तरोट्याचा कोंब शेंड्याला असतो. शेंडा छाटला की तो सूड घेतल्यासारखा बाजूने चार फांद्या फोडतो. म्हणून तरोटा मुळासकट काढायचा, जमीन ओली आहे तोवर काढायचा आणि शेंगा धरण्याच्या आत काढायचा. चार आठवडे उशीर झाला तर वर्षाची मेहनत वाया. शिवाय एका वर्षात हे संपत नाही. जमिनीत पडून राहिलेले बी पुन्हा उगवते, म्हणून ओळीने तीनतीन, चारचार वर्षे तीच जमीन हातांनी विंचरावी लागते.

विळ्याचे काम पुढे हिवाळ्यात. मारवेल, पवन्या, मुशान, कुसळी ही गवते दिवाळीपर्यंत उंच होतात, बी टाकतात आणि मग वाळून काठीसारखी ताठ होतात. असले निबर गवत चितळाच्या दातांना आणि पोटाला मानवत नाही. त्याला हवी असते वीतभर उंचीची लुसलुशीत पाती. म्हणून बी झडून गेल्यावर हे गवत पट्ट्यापट्ट्याने कापतात: एक पट्टा कापायचा, शेजारचा तसाच उभा ठेवायचा. कापलेल्या पट्ट्यात ओल असली की नवी फूट येते. उभ्या पट्ट्यात पाडसे लपतात, लावे-तित्तर घरटी करतात आणि वाघीणही आपली पिल्ले ठेवते. सगळे गवत एकदम सपाट करणे हे कोणाच्याच हिताचे नाही. पाहुण्यांनी ओसरीवर गर्दी करावी म्हणून कोणी माजघराच्या भिंती पाडीत नाही.

ह्या विषयाचाच अभ्यास करणारी माणसे आपल्याकडे आहेत हे ऐकून मला आनंद झाला. चिखलदऱ्याच्या महाविद्यालयात शिकवलेले डॉ. गजानन मुरतकर ह्यांनी मेळघाटातल्या गवतांचा ध्यास घेतला आणि वनखात्याच्या लोकांना गवताच्या जाती ओळखायला शिकवले. बी कधी गोळा करावे, रोपवाटिकेत ठोंब कसे वाढवावेत, पहिल्या पावसात ते कसे लावावेत, हे सारे भाताच्या रोवणीइतकेच निगुतीचे काम आहे.

आता प्रश्न असा, की ताडोबाच्या घनदाट अरण्यात ही मोकळी माळराने आली कुठून? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच: ती कोणाची तरी शेते होती.

ताडोबा हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचे. पुढे १९८६ मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य झाले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. त्याच्या पोटात कोळसा, बोटेझरी, पळसगाव, जामणी, नवेगाव, रानतळोधी अशी गावे होती. २००७ साली बोटेझरी आणि कोळशाची काही घरे उठून मूलजवळ भगवानपूरला वसली. २०१३-१४ च्या सुमारास नवेगाव आणि जामणी उठले. गाव उठले की राहते काय? मोडकी जोती, एखादी विहीर, देवाचा दगड, आणि धानाच्या बांध्या. चारी बाजूंनी धुरे घातलेल्या शेताच्या तुकड्याला झाडीपट्टीत बांधी म्हणतात. नांगर थांबला की पहिल्या पावसात त्या बांधीत तरोटा येतो, मग रानतुळस, मग धुऱ्यावरून घाणेरी, मग बोरी आणि पळस. पिढ्यान् पिढ्या नांगरलेल्या त्या जमिनीत गवताची मुळे उरलेलीच नसतात. तेव्हा गवत आपोआप येईल म्हणून वाट पाहणे म्हणजे बी न पेरता पिकाची वाट पाहणे होय.

पुण्याला आमचे चिरंजीव अभियंता आहेत. त्यांना मी हे सारे फोनवर सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "बाबा, निसर्गाला त्याच्या त्याच्या मनानं वाढू द्यावं. माणसानं हात लावला की बिघडतंच." पुष्कळ सुशिक्षितांचे मत असेच असते आणि ते ऐकायला गोडही वाटते. मी त्यांना भरतपूरची हकीकत सांगितली. राजस्थानातले केवलादेव पक्षितीर्थ जगप्रसिद्ध. १९८२ मध्ये तिथे गुराढोरांना चरायला बंदी झाली. लोक चिडले, गोळीबार झाला, माणसे मेली. आणि एवढे होऊन झाले काय? म्हशी पाण्यात उतरून जे गवत खात असत ते आता कोणी खाईना. ते सबंध तळ्यावर पसरले, मोकळे पाणी झाकले गेले आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप त्या पाणपक्ष्यांनाच जागा उरेना. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी दहा वर्षे तिथे बसून हा निष्कर्ष काढला. म्हणजे म्हैस ही तिथल्या निसर्गाची कर्मचारीच होती. तिला बिनचौकशी बडतर्फ केल्यावर तिचे काम कोणी करायचे?

उलट कथा कान्ह्याची. तिथले बाराशिंगे १९७० साली अवघे सहासष्ट उरले होते. त्या सुमारास आतली गावे उठू लागली, त्यांच्या शेतजमिनी गवताला दिल्या गेल्या, त्या गवताची निगा राखली गेली. आणि तो सुंदर प्राणी नामशेष होताहोता वाचला.

आपल्या रानातही पूर्वी गवत ताब्यात ठेवणारे मोठे जीव होते. रानम्हशींचे कळप होते. त्यांतल्या मोजक्याच आता गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, सिरोंचा वनविभागातल्या कोलामार्काच्या परिसरात उरल्या आहेत. त्यांच्यासाठी २०१३ साली सुमारे १८० चौरस किलोमीटरचे संवर्धन राखीव क्षेत्र झाले. २०२१ मध्ये छत्तीसगडच्या वाटेने रानहत्ती गडचिरोलीत आले, तेव्हा अवघ्या जिल्ह्याची झोप उडाली. म्हशी आणि हत्ती गेले, गाव गेले, गावाची गुरे गेली. त्या सगळ्यांचे काम आता पंचवीसतीस बायामाणसांच्या हातांवर आले आहे.

दुपारी जेवणाची सुटी झाली. सगळी एका मोहाच्या झाडाखाली बसली. दोन माणसे मात्र काठ्या घेऊन पाठमोरी उभीच राहिली. का, ते सांगावे लागले नाही. २०२५ च्या मे महिन्यात ह्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूची पाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात मेल्या. वाकलेल्या माणसाची वाघाला चौपायी जनावर म्हणून भूल पडते असे म्हणतात; आणि गवताचे, पानाचे, मोहफुलांचे कोणतेही काम वाकल्याशिवाय होत नाही.

म्हणूनच गावाच्या वेशीवर विळ्याचा अर्थ वेगळा होतो. तिथे वाढलेली झुडपे म्हणजे वाघ-बिबट्याला बसायला आडोसा. शाळेच्या वाटेवरची, पाणवठ्याकडची, परसाकडे जाण्याच्या जागेची घाणेरी काढून टाकणे हे त्या गावाचे जीवितरक्षण. रानाच्या आत गवत वाढवायचे आणि गावाच्या कडेला आडोसा हटवायचा. विळा एकच, पण कामे दोन. आत खायला चांगले असले तर चितळे धानाच्या शेतात कमी उतरतील आणि त्यांच्या मागून येणारा वाघही कमी येईल, असा हा हिशेब. तो दर वेळी बरोबर येईलच अशी हमी कोणी देत नाही. भाचेजावयांनीही दिली नाही.

जेवताना माझ्या शेजारी एक सत्तरीचे बाबाजी बसले होते. अंगावर बंडी, डोक्याला टॉवेल, हाताच्या रेषांत तरोट्याचा हिरवा रस. मी मास्तर आहे हे कळल्यावर त्यांनी बसायला स्वतःचे पोते पुढे केले.

"कोणत्या गावचे बाबाजी?" मी विचारले.

"आता इथलाच जी, गुरुजी. अगुदर आतमधला." त्यांनी हाताने जंगलाकडे दाखवले. "गाव उठलं ना आमचं."

उठलेल्या गावांतल्या कुटुंबांना २००८ च्या नियमाने दहा लाख रुपये मिळत असत. २०२१ पासून ती रक्कम पंधरा लाख झाली. बाबाजींना ते दहा लाखांचे मिळाले होते. एक एकर जमीन घेतली, घर बांधले, नातीचे लग्न केले. आता रस्ता आहे, दवाखाना जवळ आहे, नातू बसने शाळेत जातो. रात्री वाघाच्या भीतीने दाराला अडसर घालावा लागत नाही. हे सारे त्यांनी बोटांवर मोजून सांगितले. तक्रारीचा सूर नव्हता. मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाले,

"मागच्या साली आतमधी कामाले नेलं होतं आमाले. तरोटा उपटाले. माह्याच बांधीत."

मला काय बोलावे ते सुचेना. शेवटी विचारले, "ओळखू आली बांधी?"

"काहून नाही येनार जी? धुरा माह्या बापानं बांधला. कोपऱ्यात मोह हाय तो माह्या आजानं राखला." ते हसले. "मुकादम म्हने, बाबाजी, इथून धरा. मी म्हटलं, इथून नाही, तिकडून धरा. पानी तिकडून उतरते, तरोटा तिकडूनच दाटते. चाळीस वर्स निंदन केलं म्या तिथं. मालेच नाही ठावं तं कोनाले?"

मुकादमाने ऐकले. बाबाजींनी सांगितल्याप्रमाणे उताराच्या बाजूने काम धरले आणि दोन दिवसांचे दीड दिवसात झाले. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होते ते मी चाळीस वर्षांच्या नोकरीत निकालाच्या दिवशी पहिल्या आलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

उठताना त्यांनी मला एक प्रश्न विचारला. मला वाटले, पैशाविषयी किंवा नातवाच्या नोकरीविषयी काही असेल. ते म्हणाले, "गुरुजी, तुमी शहरातले लोक जिप्सीत बसून आत जाता. आमाले आता कामाबिगर जाता येत नाही. तिथं गवत लावलं होतं आमी. चितळं खातात का ते?"

मला उत्तर देता आले नाही, कारण मी गेलोच नव्हतो. ऑक्टोबरात उद्यान उघडल्यावर मी मुद्दाम गेलो. बाबाजींची नेमकी बांधी कोणती ते कळणे शक्य नव्हते. पण जुन्या गावाच्या माळावर आमची गाडी थांबली तेव्हा समोर गवत वाऱ्यावर लवत होते आणि त्यात शेसव्वाशे चितळे माना खाली घालून चरत होती. एका टोकाला दोन रानगवे होते. गाडीतले एक गृहस्थ घड्याळ पाहून म्हणाले, "इथे काही नाही हो, पुढे चला!" चालकाने गाडी हाकली. त्या दिवशी वाघ दिसला नाही आणि ते गृहस्थ परतीच्या वाटेवर फार हळहळले. मी मात्र संध्याकाळीच भाचीला फोन केला आणि बाबाजींना निरोप पाठवला: खातात, पोटभर खातात.

वाचकहो, ह्या सुटीत तुमच्यापैकी कित्येक जण तिकडे जातील. जरूर जा, आणि वाघही तुम्हाला दिसो. फक्त मोकळ्या माळावरून जाताना चालकाला दोन मिनिटे थांबायला सांगा. गवत पाहा. सकाळच्या तिरप्या उन्हात नीट पाहिलेत तर गवताखाली सरळ रेषेत उंचवटे दिसतील, काटकोनात वळणारे. रानात काटकोन नसतात. ते धुरे आहेत. पूर्वी तिथे भाताची रोवणी होत असे. मुलांना ते दाखवा, आणि ते कोणी बांधले हेही सांगा. मग पुढे जायला हरकत नाही.